पालोमारेसचे टोमॅटो

१/ अण्वस्त्रांच्या लष्करी अपघातांवर थ्रेड लिहावा, अशी मागणी बरेच दिवस होत होती. माझ्या लघुप्रबंधाचा विषयही त्याच्या जवळचाच असल्याने मी ती टाळत आले. रोज जे वाचायचे, त्यावर पुन्हा इथे काय लिहायचे! मात्र मागच्या सुट्टीत गावी वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि माझ्याच प्रकरणातले एक वाक्य मला सलू लागले. हा थ्रेड त्या वाक्याविषयी आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. सोव्हिएत क्षेपणास्त्रे आपली बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवरच नष्ट करतील, ही अमेरिकेला भीती होती. त्यावर तोडगा म्हणून काही बी-५२ विमाने हायड्रोजन बॉम्बसह अहोरात्र आकाशातच ठेवली जात. या मोहिमेचे नाव ‘क्रोम डोम’. उड्डाण सुमारे चोवीस तासांचे, त्यामुळे वाटेत हवेतच इंधन भरावे लागे. असे हजारो वेळा घडल्यावर एखाद्या वेळी चूक होणारच, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

३/ १७ जानेवारी १९६६. दक्षिण स्पेनच्या अल्मेरिया प्रांताच्या किनाऱ्यावर, सुमारे ३१ हजार फुटांवर एक बी-५२ विमान केसी-१३५ या इंधनवाहू विमानाला भिडले. इंधनवाहू विमानातील चौघेही जागीच मृत्युमुखी पडले. बी-५२ मधील सातांपैकी तिघे गेले, चौघे हवाईछत्रीमुळे वाचले. त्या विमानात चार हायड्रोजन बॉम्ब होते. खाली होते पालोमारेस, टोमॅटो पिकवणारे एक लहानसे गाव.

४/ तीन बॉम्ब जमिनीवर पडले, चौथा भूमध्य समुद्रात. जमिनीवरच्या तिघांपैकी एक जवळजवळ अखंड सापडला. उरलेल्या दोघांमधील साध्या स्फोटकांचा आदळताच स्फोट झाला. अणुस्फोट मात्र झाला नाही. का? अणुबॉम्बच्या गाभ्याभोवती रासायनिक स्फोटकांचे कवच असते. ते सर्व बाजूंनी एकाच क्षणी पेटले, तरच गाभा समान दाबला जातो आणि साखळी अभिक्रिया सुरू होते. आदळल्यावर ते एकाच बाजूने पेटते. गाभा दाबला जाण्याऐवजी फुटून विखुरतो. एका बिंदूवर पेट घेतला तरी अणुस्फोट होऊ नये, अशीच या अस्त्रांची रचना होती आणि ती रचना त्या दिवशी कामी आली, हे मान्य केलेच पाहिजे.

५/ पण विखुरलेला तो गाभा प्लुटोनियमचा होता. वाऱ्याने त्याची धूळ सुमारे दोन चौरस किलोमीटर शेतांवर आणि घरांवर पसरली. प्लुटोनियमचे अल्फा कण त्वचेतून आत शिरत नाहीत. श्वासावाटे धूळ फुप्फुसात गेली, की मात्र ती तिथेच बसून राहते. प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात.

६/ जगाचे लक्ष मात्र चौथ्या बॉम्बकडे लागले होते. ती कथा थरारक आहे, हे नाकारता येत नाही. फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स नावाच्या मच्छीमाराने हवाईछत्रीला लटकलेली वस्तू समुद्रात पडताना पाहिली होती आणि तो नेमकी जागा सांगत होता. अमेरिकी नौदलाने संभाव्यतेच्या गणिताने नकाशे आखले, ‘अल्विन’ ही छोटी पाणबुडी खाली सोडली. १५ मार्चला बॉम्ब दिसला, वर ओढताना निसटला, पुन्हा शोधावा लागला आणि अखेर ७ एप्रिलला, ऐंशी दिवसांनी, सुमारे ८७० मीटर खोलीवरून वर आला. सिमोचे नाव पुढे ‘बॉम्बवाला पाको’ असेच पडले.

७/ ८ मार्चला स्पेनचे मंत्री मान्युएल फ्रागा आणि अमेरिकी राजदूत अँजिअर बिडल ड्यूक यांनी तिथल्या समुद्रात छायाचित्रकारांसमोर डुबकी मारली. पाणी सुरक्षित आहे, हे दाखवण्यासाठी. फ्रागा यांचे खाते ‘माहिती आणि पर्यटन’ हे होते. हुकूमशाहीत ही दोन कामे एकाच टेबलावर का असतात, हे त्या एका छायाचित्रातून कळते.

८/ आता माझे वाक्य. प्रकरणात मी लिहिले होते: ‘या अपघातात गावकऱ्यांपैकी कोणीही दगावले नाही.’ वाक्य खरे आहे. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो होतो. आमचेही दोन एकर असतात. संध्याकाळी क्रेट भरता भरता मी आप्पांना ही सगळी हकिगत सांगितली. पाणबुडी, गणित, राजदूताची डुबकी. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “महिना कोणता म्हणलीस?” मी म्हटले, जानेवारी. “मग तोडा चालू असंल. त्यांच्या टोमॅटोचं काय झालं?”

९/ मला उत्तर देता आले नाही. उत्तर माझ्याजवळच्या कागदांत नव्हते असे नाही. मी ती पाने उलटून पुढे गेले होते. बॉम्बची जातकुळी, विमानाचा मार्ग, पाणबुडीची खोली यांची टिपणे माझ्या वहीत पानेच्या पाने होती. टोमॅटोविषयी एक ओळ नव्हती.

१०/ परत येऊन वाचले. पिके उपटून नष्ट करण्यात आली. ज्या रानात दूषितता जास्त, तिथली वरची माती खरवडून पिंपांत भरली गेली. जिथे कमी, तिथे ती खोल नांगरून खालीवर करण्यात आली. प्लुटोनियम गेले नाही, नजरेआड झाले. सुमारे १,४०० टन माती आणि पालापाचोळा जहाजाने अमेरिकेतील साउथ कॅरोलिनामध्ये नेऊन पुरला गेला. पालोमारेसचा माल बाजारात घ्यायला लोक तयार नव्हते. लष्कराने टनावारी टोमॅटो विकत घेतला आणि तो छावणीतल्या सैनिकांना सकाळ-संध्याकाळ खाऊ घातला, असे त्या सैनिकांनी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ला २०१६ साली सांगितले.

११/ हे सैनिक म्हणजे फावडी घेऊन माती उपसणारी कोवळी पोरे. त्यांच्यातील अनेकांनी पुढे आजारपणाचे दावे केले, ते वर्षानुवर्षे फेटाळले गेले. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने पालोमारेसच्या सफाईतील सैनिकांना किरणोत्साराशी संपर्क आलेले म्हणून मान्यता दिली. छप्पन्न वर्षांनी. आणि गावकऱ्यांच्या बाजूने निदर्शनाचे नेतृत्व करणाऱ्या मेदिना सिदोनियाच्या डचेस लुईसा इसाबेल यांना फ्रँकोच्या राजवटीने तुरुंगात टाकले.

१२/ स्पेनने अण्वस्त्रधारी विमानांना आपल्या आकाशात बंदी घातली, पण ‘क्रोम डोम’ थांबले नाही. २१ जानेवारी १९६८ रोजी ग्रीनलंडमधील थुले तळाजवळ असेच एक बी-५२, असेच चार बॉम्ब घेऊन, बर्फावर कोसळले. पुन्हा प्लुटोनियम, पुन्हा खरवडणे. त्यानंतरच बॉम्ब घेऊन अखंड घिरट्या घालणे बंद झाले. पेंटागॉनने पुढे १९५० ते १९८० या काळातील अशा ३२ अपघातांची यादी जाहीर केली. ती यादी मी पूर्वी पाठ करून ठेवली होती, परीक्षेत उपयोगी पडते म्हणून.

१३/ पालोमारेसमधील काही जमीन आजही कुंपणाआड आहे. उरलेली दूषित माती अमेरिकेने न्यावी, या दिशेने दोन्ही देशांनी २०१५ मध्ये इरादापत्रावर सह्या केल्या. ते बंधनकारक नव्हते आणि माती जागेवरच आहे, सुमारे ५० हजार घनमीटर. त्या चार बॉम्बपैकी दोघांची कवचे न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या संग्रहालयात नीट मांडून ठेवली आहेत.

१४/ हे सारे मी आप्पांना फोनवर सांगितले. कुंपणाचे ऐकून ते म्हणाले, “त्या रानाचा सातबारा कुणाच्या नावावर हाय, ते बघ आधी.” माझे बहुतेक कागद अमेरिकी लष्कराचे आणि इंग्रजीतले आहेत, सातबारा त्यांत सापडायचा नाही. गेल्या महिन्यापासून मी स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागले आहे.