आधी वायर, मग मॉड्यूल

पावसाळा लागला की कराडच्या माझ्या गॅरेजमध्ये कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्या वाढतात. पूर्वी तक्रारी साध्या असत. वायपर अडला, हॉर्न बसला, दिव्यात पाणी गेलं. आता गाडीवाला सांगतो, "पाऊस पडला की मीटरवर सगळे दिवे लागतात आणि ऊन पडलं की आपोआप जातात." अशा गाडीला हात लावताना मी घाई करत नाही. कारण इथे एक चुकीचा निष्कर्ष निघाला, तर एखाद्या घराची वर्षाची शिल्लक जाते.

चिपळूणजवळच्या एका शाळेतल्या शिक्षकांची गाडी अशीच आली होती. डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. पावसात चालवताना एबीएसचा दिवा लागायचा, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडायचा आणि स्टिअरिंग एकदम जड व्हायचं. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग जड होणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना एबीएसचं मॉड्यूल गेल्याचं सांगून बदलायचा खर्च लिहून दिला होता. तो कागद माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "दादा, एवढे पैसे घालायचे तर घालतो, पण यानं नक्की बरी होईल ना?"

स्कॅनर लावला. इंजिनाचा ईसीएम, बॉडीचा बीसीएम आणि मीटर, तिघांतही तेच दोन कोड होते. यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. यू०१३१, म्हणजे पॉवर स्टिअरिंगशी संपर्क तुटला.

यू अक्षराने सुरू होणारे कोड दुसऱ्यांबद्दलचे असतात. ज्याचा निरोप आला नाही, त्याचं नाव बाकीचे लिहून ठेवतात. सरांना समजावं म्हणून म्हणालो, "सर, वर्गात एक मूल गैरहजर आहे. हजेरीपुस्तकात तेवढंच दिसतं. मूल आजारी आहे की वाटेतला साकव वाहून गेलाय, हे तिथे लिहिलेलं नसतं." सरांना ते लगेच पटलं. मला मात्र पुढची गोष्ट महत्त्वाची वाटत होती. दोन वेगवेगळी मॉड्यूल एकाच क्षणी बिघडून ऊन पडताच एकदम बरी होत नाहीत. म्हणजे दोघांत जे सामाईक आहे ते शोधायला हवं. सप्लाय, अर्थ किंवा निरोप नेणारी वायर.

ही निरोपाची वायर म्हणजे कॅन बस. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत जगापुढे मांडली. त्याआधी प्रत्येक कामाला वेगळी वायर असे आणि गाडीत जितक्या सोयी वाढत तितका वायरिंगचा जुडगा जाड होई. कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच वायरी असतात, हाय आणि लो. सगळी मॉड्यूल त्यांच्यावरच बोलतात. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना हाय ३.५ पर्यंत चढते, लो १.५ पर्यंत उतरते. बाहेरून विजेचा गोंगाट आला तरी तो दोन्हींवर सारखाच पडतो. मॉड्यूल फक्त दोघींतला फरक वाचतं, म्हणून निरोप शाबूत राहतो. ५०० केबीपीएसच्या वेगाला एका बिटला दोन मायक्रोसेकंद मिळतात. एवढ्या वेगात वायरच्या टोकावरून सिग्नल उलटा फिरू नये म्हणून बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो.

आधी सप्लाय आणि अर्थ पाहिले. इथे नुसता व्होल्टेज बघून भागत नाही. एकाच तारेवर लटकलेली वायरसुद्धा मल्टिमीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. म्हणून एबीएसच्या मॉड्यूलचा कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थवर हेडलाइटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. लोड असताना अर्थच्या वायरीवरचा व्होल्टेज ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आतच होता. स्टिअरिंगचंही तसंच निघालं. सप्लाय आणि अर्थ निर्दोष ठरले. हा बल्ब मात्र कॅनच्या वायरीला कधीही लावायचा नाही. तिथे फक्त मल्टिमीटर नाहीतर ऑसिलोस्कोप.

मग बॅटरीचं टर्मिनल काढून मॉड्यूल शांत होऊ दिली आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर ओहम मोजले. दोन १२० ओहम समांतर जोडले की ६० होतात. ६० आले तर बस अखंड. १२० आले तर एक टोक तुटलेलं. शून्याजवळ आले तर हाय आणि लो एकमेकींना चिकटलेल्या. या गाडीचे आले ६०. सर म्हणाले, "म्हणजे वायर चांगली आहे?" मी म्हटलं, "आत्ता, या घडीला चांगली आहे. आपल्याला तिची वाईट घडी पकडायची आहे."

माझ्याकडे शिकणाऱ्या पोराला मल्टिमीटरवर नजर ठेवायला बसवलं आणि वायरिंग डायग्राम समोर ठेवून हार्नेस हळूहळू हलवत निघालो. डॅशबोर्डखाली काही नाही. फायरवॉलपाशी काही नाही. डाव्या दाराच्या उंबऱ्याशी मॅटिंगवरून हार्नेस दाबला तसा पोरगा ओरडला, "एकशे वीस!" हात सोडला की ६०, दाबला की १२०. डायग्राममध्ये बरोबर तिथे जोड होता. त्याच्या पुढे स्टिअरिंग आणि एबीएसची फांदी जात होती आणि या गाडीत बसचा एक टोकाचा रेझिस्टर एबीएसच्याच मॉड्यूलमध्ये होता. कोड, डायग्राम आणि मीटर, तिन्ही साक्षी एकाच जागेवर येऊन जुळल्या.

मॅटिंग उचललं तर खालचा फेल्ट ओला आणि त्याखाली बारीक, मऊ गाळाचा थर. सर बराच वेळ त्याकडे बघत राहिले. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर त्यांनी पाहिला होता, तो गाळ त्यांना ओळखू येत होता. गाडी विकणाऱ्याने पुराचं नाव काढलं नव्हतं. वरून दाराच्या फाटक्या रबरातून पावसाचं पाणी आजही आत झिरपत होतं.

टेप सोडली. कॅन लोच्या जोडावर हिरवा कळंक चढला होता, एखादी तार कशीबशी टेकलेली. ओल आणि हादरा मिळाला की तीही सुटत असणार. पाणी जोडापाशी थांबत नाही. इन्सुलेशनच्या आत, तांब्याच्या बारीक तारांमधून ते ओढलं जातं आणि तांबं आतून काळं पडतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्हीकडून वायर कापत गेलो, त्याच जाडीची नवी वायर घालून सोल्डर केलं, आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. हाय आणि लोचे जोड एकाच जागी येऊ दिले नाहीत आणि पूर्वीचाच पीळ पुन्हा घातला. फेल्ट काढून वाळवला, दाराचं रबर नवं टाकलं. वायर जोडून पाणी तसंच ठेवणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण.

मग हार्नेस कसाही दाबला तरी ६० हलले नाहीत. स्कोपवर हाय आणि लो एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसू लागल्या. कोड पुसले, गाडीवर पाइपने पाणी मारलं, भर पावसात कोयना नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणली. एकही कोड परत आला नाही. एबीएसचं मॉड्यूल जुनंच होतं आणि ठणठणीत होतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि साध्या गाडीतही मॉड्यूल वाढली. नवं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत कोडिंग करून बसवावं लागतं आणि एकदा कोडिंग झालं की दुकानदार ते परत घेत नाही. अंदाज चुकला तर त्याची किंमत मालक भरतो, अंदाज करणारा नाही. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी सांगतो, स्कॅनर जागा दाखवतो, निकाल देत नाही. निकाल मोजमापातून येतो. आणि इन्सुलेशनला सुई टोचून मोजू नका, कपलरच्या मागच्या बाजूने मोजा. आज टोचलेल्या भोकातूनच पुढे पाणी शिरतं.

गाडीमालकांनाही सांगणं आहे. संपर्क तुटल्याचा कोड दाखवून कुणी मॉड्यूल बदलायला सांगितलं, तर हक्काने तीन गोष्टी विचारा. लोड टाकून सप्लाय आणि अर्थ तपासले का? बसचे ओहम किती आले? हार्नेस हलवून पाहिला का? ज्याने खरोखर मोजलं आहे तो आनंदाने आकडे दाखवेल. आकडे नसतील, तर पैसे खिशातून काढू नका.