काकांनी 'कॅन्सल' दाबलं तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत वडगाव रासाईला गेले होते. भीमेकाठचं आमचं गाव. काकांच्या गोठ्यात सहा गायी आणि दुधाचा सगळा हिशोब वहीत. म्हटलं, आपण इंजिनिअरिंग शिकतोय ते कशाला? डब्ल्यूपीएफमध्ये एक प्रोग्राम लिहिला आणि लॅपटॉप काकांपुढे ठेवला. काकांनी 'फाईल उघडा' दाबलं. समोर ढीगभर फोल्डर बघून ते गडबडले, त्यांनी 'कॅन्सल' दाबलं आणि प्रोग्राम धाडकन बंद!

"माझ्या हातनं बिघडलं का गं?" त्यांनी विचारलं. आणि मी चक्क म्हणाले, "हो, तिथं दाबायचं नसतं."

खरं तर चूक माझी होती. व्ह्यूमॉडेल म्हणजे प्रोग्रामचा विचार करणारा भाग. पडद्याशी त्याचा थेट संबंध नको, म्हणून तर मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये ही पद्धत मांडली. मी मात्र घाईघाईत व्ह्यूमॉडेलमधूनच ओपनफाईलडायलॉग उघडला होता. टेस्ट चालवली की खरीच खिडकी उघडायची आणि कुणीतरी क्लिक करेपर्यंत टेस्ट ताटकळायची. कंटाळून मी टेस्ट लिहिणंच सोडलं. कॅन्सल केलं की फाईलचं नाव रिकामं येतं आणि ते तसंच वाचायला गेलं की प्रोग्राम कोसळतो, हे मग कळणार कसं?

होस्टेलवर परतल्यावर एक इंटरफेस लिहिला. व्ह्यूमॉडेल आता एवढंच म्हणतं, "मला एक फाईल हवीय." ती कशी आणायची ते दुसऱ्या क्लासनं बघावं. खऱ्या प्रोग्राममध्ये तो क्लास खिडकी उघडतो. टेस्टमध्ये त्याच्या जागी तोतया क्लास बसतो आणि सरळ 'नल' देतो, म्हणजे माणूस 'नको' म्हणाला. नल आला तर गप्प बसायचं, बस्स! फोल्डरचंही तसंच. डब्ल्यूपीएफला स्वतःचा फोल्डर डायलॉग मिळाला तो २०२३ च्या डॉट नेट ८ मध्ये; त्याआधी विंडोज फॉर्म्सचा उसना आणावा लागे. आता उसना असो की घरचा, बदलायचा तो एकच क्लास.

संक्रांतीला पुन्हा गावी गेले. "काका, कॅन्सल दाबा."

"नगं, परत बिघडंल."

"मागच्या वेळी तुमच्या हातनं नव्हतं बिघडलं. माझंच चुकलं होतं."

त्यांनी दाबलं. खिडकी मिटली, हिशोब होता तिथेच. काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आगं, मग तवाच सांगायचं की!"