कागदावरचा मालक

करारावर सही केली की माणूस बांधला गेला, हे वकिलीच्या पहिल्या वर्षांपासून माझ्या अंगात मुरलेलं मत. सज्ञान माणसाने वाचून सही केली, मग नंतर कोर्टाची पायरी कशाला? अमेरिकेतल्या स्वतंत्र ट्रकचालकांच्या खटल्यांकडेही मी याच नजरेने पाहत होतो. आता तसं पाहू शकत नाही. त्याला कारण डॉमिनिक ऑलिव्हेरा यांचा खटला.

ऑलिव्हेरा मिझुरीतल्या न्यू प्राइम या कंपनीचा माल वाहत. कागदोपत्री ते स्वतंत्र ठेकेदार. ट्रक मात्र कंपनीशीच संबंधित संस्थेकडून लीजवर घेतलेला. त्यांच्या दाव्यात म्हटलं होतं की, कपाती वजा जाता काही वेळा मोबदला शून्याखाली जायचा. म्हणजे गाडी हाकायची आणि वर देणंही लागायचं. पुढे ते त्याच कंपनीत नोकर म्हणून लागले, तेव्हा काम जवळपास तेच होतं. बदलला होता तो कागद.

2015 मध्ये ते कोर्टात गेले. कंपनीने करारातल्या लवादाच्या कलमावर बोट ठेवलं: वाद कोर्टात नाही, लवादापुढे न्यायचा. तसली कलमं मीही लिहिली आहेत. पण 1925 च्या लवाद कायद्यातून आंतरराज्य वाहतूक कामगारांचे करार वगळलेले आहेत, आणि ही सवलत ठेकेदार म्हणवल्या जाणाऱ्या चालकांनाही लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 2019 रोजी दिला. आठ विरुद्ध शून्य. निकालपत्र न्यायमूर्ती नील गोरसच यांचं.

माझं मत दुसऱ्या टोकाला मात्र गेलेलं नाही. प्रत्येक चालकाला नोकर ठरवणं हाही न्याय नव्हे. कॅलिफोर्नियाच्या एबी-5 कायद्याने ठेकेदार ठरण्याच्या अटी कडक केल्या, तेव्हा स्वतःच्या पैशाने ट्रक घेतलेल्या चालकांनी जुलै 2022 मध्ये ओकलंड बंदराचं काम रोखून धरलं. त्यांना आपला धंदा राखायचा होता, आणि तो हक्क मला मान्य आहे. 1973 पासून मालक-चालकांसाठी लढणारी ‘ओओआयडीए’ ही संघटनाही चालकाचं स्वातंत्र्य राखूनच कोर्टात भांडते. अमेरिकेच्या संघराज्य नियमांनुसार लीज करारात प्रत्येक कपात लिहिलेली असावी लागते, आणि करार संपल्यापासून 45 दिवसांत चालकाची अनामत परत करावी लागते. चालकाच्या घरची चूल अशा नियमांवर पेटते.

म्हणून करार लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं आहे: समोरच्याला ‘स्वतंत्र’ लिहिण्याआधी ट्रक कोणाचा, भाडं कोण ठरवतं आणि फेरी नाकारण्याची मुभा आहे का, हे विचारा. उत्तरं कंपनीच्याच बाजूची आली, तर तो शब्द लिहू नका.