काळा उंबर

औदुंबराला पार आहे, दत्ताच्या पादुका आहेत, गुरुवारची गर्दी आहे. त्याच भावकीतल्या काळ्या उंबराला ओढ्याचा काठ पुरतो. कोकणात, घाटाच्या उतारावर, जिथे म्हणून पाणी झिरपतं तिथे हा हमखास भेटतो. अंगाने लहानखुरा, पंधरा-वीस फूट वाढला की बहुधा तेवढ्यावरच राहतो. मुद्दाम कुणी लावत नाही आणि तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. कुठे त्याला बोखेडा म्हणतात, कुठे भुई उंबर.

ओळख पटते ती हात लावल्यावर. पान वीतभर लांब, कडेला दाते, आणि अंगावर राठ लव अशी की तळहातावर घासलं तर पॉलिशपेपरसारखं लागतं. वड, पिंपळ, औदुंबर यांची पानं फांदीवर एकाआड एक येतात. याची बहुतेक समोरासमोर, जोडीने. कोवळी डहाळी मोडली तर आत पोकळ, आणि मोडल्या जागी पांढरा चीक. फळांचे घोस थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडतात. कधी बुंध्यापासून पानं नसलेल्या लांब दोऱ्या निघतात आणि फळांच्या वजनाने मातीला टेकतात.

या झाडाचा खरा स्वभाव मात्र फळाच्या आत आहे. औदुंबराच्या एकाच फळात नर-मादी दोन्ही फुलं असतात. काळ्या उंबरात संसार दोन झाडांत वाटलेला आहे: बी धरणारं झाड वेगळं, पराग देणारं वेगळं. मधे धावपळ करते ती गांधीलमाशीच्या कुळातली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी. नर झाडाच्या फळात आखूड फुलं असतात. त्यांत ती अंडी घालते. तिथेच पिल्लं वाढतात. बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मिलन करतात आणि फळाची भिंत कुरतडून वाट मोकळी करतात. माद्या छातीवरच्या बारीक खिशांत पराग भरून त्या वाटेने उडून जातात.

आता तिच्यापुढे दोन दारं आहेत. नर झाडाचं कोवळं फळ आणि मादी झाडाचं कोवळं फळ, दोन्ही बाहेरून सारखीच, दोन्हींचा गंध तिला बोलावणारा. फळाच्या तोंडाशी खवल्यांची इतकी दाटी की आत घुसताना तिचे पंख तुटून पडतात. परत फिरणं संपलं. मादी फळात ती शिरली असेल तर तिथली फुलं लांब देठांची. तिची अंडी घालायची नळी तळापर्यंत पोचत नाही. ती फुलाफुलावर पराग टाकते आणि वंश न ठेवता तिथेच मरते. त्या एका मरणातून फळभर बी तयार होतं. मी कितीदा वाचलं तरी इथे थबकते. याला फसवणूक म्हणायला मन धजत नाही, कारण बी रुजून जी रोपं येतील, त्यांतल्याच नर झाडांवर पुढच्या माश्यांचं घर असणार आहे.

माशीचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. म्हणून आसपास कुठल्या ना कुठल्या झाडावर सदैव योग्य वयाचं फळ लागतं, आणि काळा उंबर वर्षातून अनेकदा फळतो. उन्हाळ्यात बाकी रान रिकामं असतानाही याच्या खोडावर काहीतरी असतं. पिवळी पडलेली मादी फळं दिवसा बुलबुल टोचतात. रात्री वटवाघळं तोडून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखून चोथा थुंकतात आणि बी दूर पसरतं.

माणसानेही याला पूर्वीच हेरलं आहे. आयुर्वेदातली काकोदुंबरिका ती हीच. चरकसंहितेत कोडाच्या पांढऱ्या डागांवर मलपूचा रस गुळाबरोबर सांगितला आहे, आणि मलपू म्हणजेही हेच झाड, असं वैद्य मानतात.

आज याला खरा धोका आहे तो शहरातल्या नाल्यांच्या सुशोभीकरणाचा. सिमेंटच्या भिंती उभ्या राहतात, काठची झाडं ‘जंगली’ म्हणून जातात, जागी शोभेचे पाम येतात. गावातही एखाद्या झाडाची फळं कोरडी, आत नुसत्या माश्या, म्हणून ते निकामी ठरवून तोडतात. निकामी ठरवलेलं ते झाड बहुधा नर असतं. ओढ्याकाठचे सगळे नर काळे उंबर गेले तर रसाळ फळाच्या झाडापर्यंत पराग आणायला माशीच उरणार नाही, आणि त्या झाडाची कोवळी फळं बी न धरता गळून पडतील. म्हणून काठावरून काळा उंबर काढायची वेळ आलीच, तर आधी एक फळ फोडून बघावं. आत माश्या दिसल्या तर कुऱ्हाड बाजूला ठेवावी.