फीची पावती

मार्च जवळ आला की मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातली पगारदार मंडळी मुलांच्या फीच्या पावत्या शोधू लागतात. पावतीवर ‘ट्यूशन फी’ वेगळी लिहिलेली लागते. देणगी, विकास निधी, बसभाडं चालत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातल्या 80सी कलमाने दोन मुलांपर्यंतची ही फी वजावटीला धरली, पण पीएफ, विमा सगळं मिळून दीड लाखाच्या आत. नव्या करप्रणालीत तेवढंही नाही. म्हणून सवलत परत द्या, वाढवा, असं पगारदार म्हणतात. त्यांची ओढाताण मला कळते.

पण या मंडळींची मुलं ज्या शाळेच्या व्हॅनमधून जातात, त्याच व्हॅनमधून कापूस पिकवणाऱ्याची पोरगीही जाते. फी तेवढीच. पहिला हप्ता नेमका जूनमध्ये, बियाण्याच्या पिशव्या आणि खत घ्यायच्या वेळेला. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, मग वजावट कशातून? पगारदारांना मिळणाऱ्या करकपातीच्या दाखल्यावरून असा एक बाप मला म्हणाला, “आमाले कोनता फारम सोळा भेटते जी?” करातली सूट हाही सरकारी तिजोरीचाच पैसा, आणि ज्याचा करदर मोठा त्याला ती जास्त मिळते. शेतमजुराच्या घरी त्यातला रुपयाही पोचत नाही. खासगी शाळेसाठी सार्वजनिक पैसा अशा वाटेने जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

अशा घरांसाठी वाट आहे ती आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची. 2009 च्या या कायद्याने विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या. या जागांच्या सोडतीवरून गावात उन्हाळ्यात एकच विचारणा असते, “नंबर लागला का?” फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने ही वाटही अरुंद केली होती: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुकुटबनच्या झरी जामणीसारख्या तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा तर गावोगाव आहे, म्हणजे दार जवळपास बंदच. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. मला फार बरं वाटलं.

तरी या जागांवरच्या मुलांच्या फीपोटी सरकारने शाळांना द्यायची प्रतिपूर्तीची रक्कम थकते, आणि संस्थाचालकांच्या कपाळावरची आठी त्या मुलांना दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुरेसे गुरुजी हवेत, हे तर सगळ्यात आधी. शिवाय आरटीईचा हक्क आठवीपर्यंतच. नववीत गेलेल्या पोराच्या बापाला पुन्हा पूर्ण फीची चिठ्ठी येते, तीही पेरणीच्याच दिवसांत.