पसंतीक्रम

बुलढाणा जिल्ह्याचे लोक बोलता बोलता दोन भाग पाडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. आमचा धर्मग्राम घाटाखालचा. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्थानके ओवीत पुढे जातो. त्याच पट्ट्यात आमची जेमतेम चाळीस कुटुंबे विखुरलेली आहेत. कुणाची चार एकर कपाशी, कुणी शिक्षक, कुणी परिचारिका, तर कुणी रोजंदारीवर. अशा लहान धर्मग्रामात एका मुलाचे यश हे साऱ्यांचे यश असते. खरे सांगायचे तर ते धर्मगुरूच्या मिरवण्याचेही निमित्त असते. ही हकीगत माझ्या अशाच एका हुकलेल्या मिरवणुकीची आहे.

2024 सालचा पावसाळा. आमच्या गायनवृंदातील एका मुलीला अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळाले होते. तिच्या वडिलांचे शेतीपंपाच्या मोटारी वायंडिंग करून देण्याचे छोटेसे दुकान आहे. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास आणि दाराशी रांगेने ठेवलेल्या जळक्या मोटारी, यांतच ती लहानाची मोठी झाली. विद्युत अभियांत्रिकी घ्यायची हे तिचे कधीच ठरले होते. प्रश्न होता तो कोठे घ्यायची याचा. माझ्याकडे संगणक आणि छपाईयंत्र असल्यामुळे ऑप्शन फॉर्म भरण्यासाठी बापलेक संध्याकाळी माझ्याकडे आली.

मागच्या वर्षीचे कटऑफ पाहता पुण्याला जागा मिळण्याची दाट शक्यता होती. पुण्याचे म्हणजे 1854 सालापासून चालत आलेले ते जुने अभियांत्रिकी महाविद्यालय, 2022 साली ज्याचे स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. मी मोठ्या उत्साहाने त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर टाकले. रविवारच्या मिस्सानंतर करावयाची घोषणाही मनात जुळवून ठेवली होती. ती शांतपणे म्हणाली, "फादर, पहिल्या नंबरवर शेगाव टाका."

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचे. ज्या अमरावती विद्यापीठाला ते जोडलेले आहे, तेही नागपूर विद्यापीठातून त्याच वर्षी वेगळे झाले. आमच्या भागातील कितीतरी शेतकऱ्यांची मुले या महाविद्यालयातून अभियंते झाली. त्याच्याविषयी मला आदरच आहे. पण आदर वेगळा आणि पसंतीक्रम वेगळा! पुणे मिळत असताना कुणी शेगाव पहिले लिहितो का?

मी वडिलांकडे पाहिले. ते चाचरत म्हणाले, "फादर, मले यातलं काही समजत नाही. तुमीच पोरीले सांगा."

मला वाटले, अडचण पैशाची असावी. म्हणून मी नव्या शासकीय सवलतीची माहिती दिली. त्याच जुलै महिन्यात शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले होते. राहण्या-जेवणाच्या खर्चाचे पाहू, धर्मग्राम आहे, मी आहे, असेही सांगितले. ती म्हणाली, "पैशाचं असतं तर मी तुमच्याकडे आधीच बोलले असते, फादर."

"मग घराची ओढ? बाबांची काळजी?"

"तीही आहे. पण तेवढीच नाही." आणि मग तिने जे सांगितले ते मी आजवर कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. रब्बीच्या दिवसांत रात्री एकाच वेळी सगळ्यांचे पंप चालू होतात आणि विजेचा दाब उतरतो. कधी एक फेज जातो. उरलेल्या दोन फेजांवर मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वायंडिंग जळते. सकाळी शेतकरी ती मोटार घेऊन दुकानात येतो. "बाबा तीच मोटार पुन्हा पुन्हा भरून देतात. एका माणसाची एका हंगामात दोनदा भरली. ती जळूच नये यासाठी काय करायचं, ते मला शिकायचं आहे. आता सौर पंप येताहेत, ते दुरुस्त करणारं इथं कोण आहे? शनिवारी घरी आले की जे शिकले ते दुकानात करून पाहता येईल. पुण्याला मी जास्त शिकेन, पण हे विसरेन."

मी जरा चिडूनच म्हणालो, "बाळा, मोठ्या ठिकाणी गेल्याशिवाय दृष्टी मोठी होत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी निरागसपणे तिने विचारले, "फादर, मग तुम्ही रोमला का नाही गेलात?"

वाचकहो, या प्रश्नाने माझ्या हातातला माऊस थांबला. आमच्या धर्मग्रामात ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, कारण ती मीच सर्वांना सांगितली आहे. माझ्या गुरुदीक्षेला पाच-सहा वर्षे झाली होती, तेव्हा मला उच्च शिक्षणासाठी रोमला पाठवण्याचा विचार झाला. संत इग्नेशियस लोयोला यांनी 1551 साली स्थापिलेले ग्रेगोरियन विद्यापीठ! आमच्यासारख्यांना ते नाव उच्चारतानाही छाती भरून येते. मी मात्र महागुरुस्वामींना विनंती करून अमरावती विद्यापीठाची मराठीची एम. ए. करण्याची परवानगी मागून घेतली. विचारणाऱ्याला माझे उत्तर ठरलेले असे. मी म्हणत असे, "फादर स्टीफन्स 1579 साली युरोप सोडून गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि 1616 साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. मराठीसाठी ते तिकडून इकडे आले, मग मी इकडून तिकडे कशाला जाऊ?" लोक माना डोलावीत आणि मला बरे वाटे.

पण हे उत्तर अर्धेच खरे होते. मराठीचे प्रेम खरे होते, परंतु भीतीही तितकीच खरी होती. पुण्याच्या पेपल सेमिनरीत असताना माझे सोबती लॅटिनचे पाठ सहज आत्मसात करीत आणि मी रात्र रात्र जागूनही मागे राहत असे. रोममध्ये इटालियन भाषेतून परीक्षा द्यायची आणि नापास होऊन परतायचे, हे चित्र मला झोपू देत नव्हते. मी लहान विद्यापीठ निवडले ते काही अंशी लपण्यासाठी. फादर स्टीफन्स तर रोममध्येच येशूसंघात दाखल झालेले, ते सारे पाहून मग इकडे आलेले. त्यांचे नाव मी माझ्या भित्रेपणावर पांघरुणासारखे घातले होते. त्या एम. ए.ने मला पुष्कळ दिले हेही तितकेच खरे. तालुक्याच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी मला संतवाङ्मय वाचायला शिकवले. तेव्हापासून माझे प्रवचन शेतमजुराला कळू लागले. चुकीच्या कारणाने निवडलेल्या वाटेवरही देव सोबत चालतो. पण म्हणून ते कारण बरोबर ठरत नाही.

त्या रात्री मला धर्मानंद कोसंबींची आठवण झाली. गोव्यातील साखवाळचा हा माणूस ज्ञानासाठी काशी, नेपाळ, श्रीलंका पालथे घालून आला. कलकत्ता विद्यापीठात त्यांना पालीच्या अध्यापनाचे मानाचे स्थान होते, पगारही चांगला होता. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम केल्यास महिना 50 रुपये देऊ केले, आणि कोसंबींनी कलकत्ता सोडले. आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा, हे त्यांचे कारण होते. पुढे 1910 साली ते अमेरिकेत हार्वर्डलाही गेले. तेथून आल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवले आणि पुढे गांधीजींनी 1920 साली स्थापिलेल्या, सरकारी मान्यता नसलेल्या गुजरात विद्यापीठातही काम केले. मोठ्या नावाचे त्यांना वावडे नव्हते आणि भयही नव्हते. काय सोडले यापेक्षा कशासाठी सोडले, हे त्यांना ठाऊक होते.

अलीकडे 2016 पासून केंद्र सरकार दरवर्षी विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध करते. ती उपयोगी आहे. अध्यापन, संशोधन, विद्यार्थ्यांची प्रगती हे सारे तीत मोजले जाते. अभियांत्रिकीच्या यादीत 100 पैकी 10 गुण लोकांच्या मनातील प्रतिमेलाही असतात. मला वाटते, आपण पालक आणि धर्मगुरू घरी बसून ते 10 गुण 90 करतो. शेजारी काय म्हणतील, लग्नपत्रिकेत काय छापता येईल, वेदीवरून काय जाहीर करता येईल, याचेच गुण आपण देतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा गैरअर्थ होईल. ज्याच्यापुढे गरिबीने एकच दार उघडे ठेवले आहे, त्याला "लहान ठिकाणीही शिकता येते" असा उपदेश करणे ही त्याची थट्टा आहे. निवड तेव्हाच निवड असते, जेव्हा दुसरे दार खरोखर उघडे असते. ते उघडून देणे हे आपले, समाजाचे काम. कोणत्या दाराने जायचे, हे मुलांचे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच दुकानात गेलो. ती एका मोटारीचे जुने वायंडिंग सोडवत होती. मी तिला एकच प्रश्न विचारला, जो मला माझ्या तरुणपणी कुणी विचारला नव्हता : "तुला पुण्याची भीती वाटते म्हणून तर तू शेगाव म्हणत नाहीस ना?"

तिने हात पुसले. "भीती वाटते, फादर. पण मी रात्रभर विचार केला. भीती नसती तरी मी हेच लिहिलं असतं. आणि पुढचं शिक्षण घ्यायला पुणं कुठं पळून जातंय?"

मग मी माझी रोमची खरी गोष्ट तिला सांगितली. इतक्या वर्षांत ती प्रथमच कुणाला सांगत होतो. वडील मान खाली घालून तार गुंडाळत राहिले. ऐकून ती एवढेच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." संध्याकाळी आम्ही फॉर्म भरला. पहिल्या क्रमांकावर शेगाव.

रविवारी घोषणा केली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण जरा कमीच. मिस्सानंतर दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलेही, "फादर, तुम्ही पोरीला समजावलं नाही का?" मी म्हटले, "तिनंच मला समजावलं."

पुढे सारे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या सत्रात तिचा गणिताचा पेपर राहिला. त्या वेळी तिच्याहून अधिक मीच अस्वस्थ झालो. पुण्याला धाडले असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. मग ध्यानात आले की, गणित पुण्यालाही तेवढेच अवघड असते. पुढच्या परीक्षेत तो पेपर सुटला. शनिवारी ती गाडीने घरी येते, रविवारी गायनवृंदात उभी राहते, आणि दुपारी दुकानात बापलेकीचा वाद रंगतो. हल्ली मोटार परत देताना वडील गिऱ्हाइकाला थांबवून सांगतात की एक फेज गेल्यावर आपोआप बंद करणारे यंत्र स्टार्टरला बसवून घ्या, मोटार वाचेल. मोटारी कमी जळल्या तर दुकानाचे उत्पन्न घटेल, हे त्यांना कळते. तरीही ते सांगतात.

तिची निवड बरोबर ठरेल की नाही, हे आणखी दहा वर्षांनी कळेल, कदाचित तेव्हाही कळणार नाही. आता कुणी मुले फॉर्म भरायला माझ्याकडे आली की मी आधी संगणक उघडत नाही. समोर बसवून विचारतो, "कशासाठी शिकायचं आहे? आणि भीती कशाची वाटते?" महाविद्यालयाचे नाव त्यानंतर. आणि त्यांनी रोमविषयी विचारले, तर आता संपूर्ण उत्तर देतो.