आकाशातील बुडबुडे

आमचे शेत श्रीगोंद्याच्या शिवारात आहे. शेजारचे अण्णा आणि आम्ही यांच्यामधील बांध हा दोन पिढ्यांचा वाद. अखेर 2024 च्या मार्च महिन्यात उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी करण्याचे उभयतांनी मान्य केले.

काम लांबले. अंधार पडून तास उलटला, विजेऱ्या लागल्या, तरी शेवटची खूण राहिलीच होती. भूमापकाने यंत्राचा दांडा बांधावर रोवला. पण आकडे काही केल्या स्थिर होईनात. अण्णा उसळून म्हणाले, "यंत्रालाही तुम्ही फितवलेत की काय?" मीही तोडीस तोड उत्तर दिले. भूमापक मात्र शांतपणे यंत्र आवरीत म्हणाला, "दोष तुमचा नाही, यंत्राचाही नसावा. आकाश अस्वस्थ दिसते. सकाळी येतो."

वर तर एकही ढग नव्हता! पुढे मी मिळतील ती पुस्तके वाचली, तेव्हा त्याच्या बोलण्याचा उलगडा झाला.

सूर्यकिरणांमुळे उंचावरील हवेच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युतभारित कणांच्या थराला आयनांबर म्हणतात. सूर्यास्तानंतर त्याचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाटच राहतो. मग भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर विरळ भागाचे बुडबुडे दाट थरात वर चढतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेने उत्तरेस व दक्षिणेस दूरवर पसरतात. त्यांतून येणारी उपग्रहाची रेडिओलहर ताऱ्याप्रमाणे लुकलुकते. आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत हा प्रकार विशेष घडतो. त्यातून 2024 साली सूर्यही फार क्षुब्ध होता.

आपल्या शास्त्रज्ञांनी या लुकलुकीलाच गुरू केले. चुंबकीय विषुववृत्ताजवळचे म्हणून थुंबा हे गाव निवडले गेले व 1963 साली तेथून पहिला अग्निबाण उडाला. 1975-76 मध्ये 'एटीएस-6' या उपग्रहाच्या रेडिओलहरी उटकमंड येथे टिपून आयनांबराचा अभ्यास झाला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरात रात्रीच्या आकाशाच्या मंद दीप्तीची छायाचित्रे घेऊन हेच बुडबुडे न्याहाळले आहेत. विमानांना वाट दाखविणारी 'गगन' ही व्यवस्था आयनांबरात लहरींना होणारा विलंब मोजून त्याची दुरुस्ती कळविते. जी लहर वाटेत डळमळते, तीच वाटेची खबर आणते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे स्थिर झाले. आमच्या लिंबोणीचे एक झाड अण्णांच्या हद्दीत गेले. "आकाश अजून अस्वस्थ असेल," असे म्हणून मी तीनदा मोजावयास लावले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले. आता दोष द्यावयास आकाशही उरले नव्हते. मी मुकाट्याने खुणेचा दगड उचलून दिला.

त्या झाडाची लिंबे दर हंगामात अण्णा आमच्या घरी पाठवितात.